‘व्हाउच’ : एका शब्दाची जोखीम

‘व्हाउचर’ आपल्या चांगल्या परिचयाचे. त्यावाचून प्रवासभत्त्याचे बिल पुढे सरकत नाही. पण त्याच्या पोटातले ‘व्हाउच’ हे क्रियापद काय मागते, ते मला परवा कळले.

एक माजी विद्यार्थी आला. म्हणाला, “सर, घरमालकाला ओळखीची चिठ्ठी हवी आहे. इंग्रजीतच द्या.” मी सराईतपणे लिहिले, ‘आय व्हाउच फॉर हिम’, आणि सहीपाशी पेन थबकले. या मुलाविषयी मला ठाऊक काय होते?

कोश काढला. मूळ लॅटिन ‘व्होकारे’, म्हणजे हाक मारणे. आपल्या ‘वाचे’चेच दूरचे नातलग. मध्ययुगीन इंग्लंडात कोणी जमिनीवर दावा लावला, की कब्जेदार जमीन देणाऱ्याला कोर्टात हाक घाली. त्याने येऊन दावा आपल्या अंगावर घ्यायचा. हरल्यास तेवढ्याच मोलाची जमीन कब्जेदाराला पदरची द्यायची!

वाचकहो, ही नुसती शिफारस नव्हे. शिफारशीत शब्द टाकून मोकळे होता येते. ‘जामीन’ बहुधा पैशापुरता. ‘ग्वाही’ त्यातल्या त्यात जवळची. पण ती पाहिल्या गोष्टीची. ‘व्हाउच’ करणारा न पाहिलेल्याचाही भार उचलतो.

मी चिठ्ठी फाडली. मुलाचा चेहरा उतरला. मग मराठीतच लिहिले, “हा तीन वर्षे माझ्या वर्गात होता. याने कधी कोणाची खोटी हजेरी लावली नाही.”

एवढे मी डोळ्यांनी पाहिले होते. सही करताना पेन थबकले नाही.