शेला, कमरबंद आणि साहेबाचा ‘कमरबंड’

भाच्याच्या लग्नाच्या स्वागतसमारंभासाठी भाड्याने आणलेल्या सुटाचं पाकीट मी त्याच्याबरोबर बसून उघडलं. पांढरा शर्ट, काळा कोट, बो आणि तळाशी काळ्या सॅटिनची एक पट्टी. पंजाएवढी रुंद, पुढच्या बाजूला आडव्या चुण्या, मागे इलॅस्टिक आणि हूक. भाच्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “मामा, ह्या चुण्यांची तोंडं वर ठेवायची का खाली?” वर ठेवायची, असा रिवाज आहे. दुकानाच्या पावतीवर ह्या वस्तूचं नाव ‘कमरबेल्ट’ असं लिहिलेलं होतं. इंग्रजी शब्दकोशात तिचं नाव आहे ‘कमरबंड’. वेस्टकोटाऐवजी कमरेभोवती घालायचा रुंद पट्टा, असा त्याचा अर्थ तिथे दिलेला असतो.

हाच भाचा गणपतीत ढोल वाजवतो. मिरवणुकीआधी एक मित्र शेल्याचं टोक ताणून धरतो आणि हा त्याच्याकडे गिरक्या घेत जातो. प्रत्येक गिरकीला कापडाचा एक वेढा कमरेला बसतो, शेवटचं टोक आत खोचलं जातं आणि मग ढोल कमरेवर चढतो. पाकिटातली ती सॅटिनची पट्टी ह्या शेल्याची सख्खी नातलग आहे, हे त्याला सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. म्हणून हा आठवडा कमरबंदाचा.

शब्द फारसी आहे. कमर अधिक बंद, म्हणजे कमरेला बांधायचं ते. त्यातला ‘बंद’ आपल्याकडे बाजूबंदात आहे, नालबंदात आहे, बंदोबस्तात आहे. संस्कृतातला ‘बंध’, फारसीतला ‘बंद’ आणि इंग्रजीतले ‘बाइंड’, ‘बँड’, ‘बाँड’ हे सगळे एकाच मुळाचे. इंग्रजाने हा शब्द उचलला तेव्हा त्यातला अर्धा भाग त्याच्याच भाऊबंदांपैकी होता.

‘कमर’चा इतिहास त्याहून मजेदार आहे. अवेस्ता ह्या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘कमरा’ म्हणजे शरीराचा भाग नव्हे, तर कमरेचा पट्टा. जुन्या फारसी काव्यातही ‘कमर’ ह्या अर्थाने येतो. पट्ट्याचं नाव हळूहळू पट्टा जिथे बसतो त्या जागेला चिकटलं. मग खुद्द पट्ट्याला नाव उरलं नाही, म्हणून पुढे ‘बंद’ जोडावा लागला. ज्या समाजात कमर बांधणं हा धर्माचाच भाग होता, तिथे असं घडणं मला अगदी साहजिक वाटतं. आपल्या मुंबईतले पारशी आजही 72 धाग्यांची ‘कुस्ती’ नावाची पवित्र दोरी कमरेला तीन वेढे देऊन बांधतात. अवेस्तातल्या ‘यस्न’ ह्या भागाचे अध्याय 72, म्हणून धागेही 72.

मराठीत आपण ‘कंबर’ म्हणतो आणि तो शब्द घरचाच आहे असं मानतो. तोही ह्याच फारसी ‘कमर’चा. घरचा जुना शब्द ‘कड’, संस्कृत ‘कटी’पासून आलेला. तो आता एकटा फिरत नाही. मूल ‘कडेवर’ घेताना आणि ‘कडदोरा’ बांधताना तेवढा भेटतो. बाकी सगळीकडे कंबर बसली. कंबर कसणे, कंबर खचणे, कंबरडं मोडणे, कंबरपट्टा, कंबरभर पाणी, सगळं पाहुण्याच्या नावावर!

पण ‘कमर’ची ‘कंबर’ झाली कशी? म आणि र जवळ आले, की जीभ मधे नकळत एक ब घालते. ओठ मकारासाठी मिटलेले असतात. ते उघडून रकाराकडे जाताना मधल्या मधे ब फुटतो. आम्रचा आंबा झाला, ताम्रचं तांबं झालं, ते ह्याच वाटेने. पुढे र गळाला, ब मात्र राहिला. लॅटिन ‘नुमेरुस’चा इंग्रजी ‘नंबर’ झाला, त्यातला बही असाच आलेला. आता गंमत पाहा. आज इंग्लंड-अमेरिकेत ‘कमरबंड’ हा शब्द पुष्कळ लोक ‘कंबरबंड’ असा म्हणतात आणि लिहितातही. तिथले शुद्धलेखनवाले त्याला चूक ठरवतात. मला ती चूक वाटत नाही. मराठी तोंडाने ‘कमर’चं जे केलं, तेच इंग्रजी तोंडाने स्वतंत्रपणे, कुणाला न विचारता केलं. शब्दांच्या अभ्यासात ह्याहून आनंदाचा क्षण मला क्वचितच मिळाला आहे.

युरोपच्या कागदांवर ह्या शब्दाच्या ज्या जुन्या नोंदी आहेत, त्यांतली एक गोव्याची आहे. कास्तान्येदा ह्या पोर्तुगीज इतिहासकाराच्या 1552 सालच्या ग्रंथात, गव्हर्नर गोव्यात पोहोचल्यावर त्याला सोन्याच्या जरीचं आणि रेशमाचं एक भारी इराणी वस्त्र नजर केलं गेलं, असा उल्लेख आहे. त्या वस्त्राचं नाव त्याने जवळपास ‘कोमारबांदो’ असं लिहिलं आहे. इंग्रजीत शब्द दिसतो तो 1616 मध्ये, आणि तोही हिंदुस्थानात नव्हे तर जपानमध्ये. ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रमुख रिचर्ड कॉक्स रोजनिशी लिहीत असे. सात्सुमाच्या एका उमरावाने भांडी, आरसे, छिटं वगैरे मालाचे नमुने भावासकट मागवले. त्या यादीत कमरबंदही आहेत. म्हणजे इंग्रजीत हा शब्द साहेबाच्या पोशाखातून नव्हे, व्यापाऱ्याच्या यादीतून शिरला. पुढे 1727 साली हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश दर्यावर्दीने कमरबंदात खोचलेल्या मौल्यवान खंजिराचं वर्णन केलं आहे. ह्या आणि अशा नोंदी यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ ह्या 1886 च्या कोशात गोळा करून ठेवल्या. मला त्या तिथेच भेटल्या.

त्या काळचा कमरबंद म्हणजे कित्येक हात लांब कापड. मोगल चित्रांत त्याला ‘पटका’ म्हणतात; शाहजहानच्या काळातल्या पटक्यांच्या टोकांवर फुलांच्या झाडांची रांग विणलेली दिसते. मराठ्यांच्या चित्रांत शेला दिसतो, त्यात खोचलेली कट्यार दिसते. तो कमर आवळून धरी, पाठीला आधार देई, आणि हत्यार, पैसे, कागद सांभाळी. अंगरख्याला खिसे नव्हते, तेव्हा शेला हाच खिसा.

साहेबाने तो कमरेला बांधला तो उकाड्यामुळे. लष्करी मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला पुरा पोशाख करून बसायचं, वर वेस्टकोट घालायचा, आणि बाहेर मे महिना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिकाऱ्यांनी वेस्टकोट काढून टाकला आणि त्याच्या जागी कमरबंद आला. शर्ट आणि पँट जिथे मिळतात ती जागा झाकायची एवढंच काम होतं, ते ह्या पट्ट्याने भागलं. त्याच कमरेला साध्या शिपायाच्या वाट्याला दुसरा पट्टा आला होता, लोकरी फ्लॅनेलचा. पोटाला गारठा बसला की पटकी होते अशी समजूत होती, म्हणून ह्याला ‘कॉलरा बेल्ट’ म्हणत. रॉबर्ट कॉखने 1884 मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू दाखवून दिला, तरी हे पट्टे पुढे अनेक वर्षं चालूच राहिले. चाळीस अंशांच्या उन्हात पोटाला लोकर बांधून कवायत करणाऱ्या त्या कोवळ्या पोरांची मला कणव येते.

मेसमधला कमरबंद मात्र बोटीत बसून विलायतेला गेला आणि डिनर जॅकेटचा सोबती झाला. तिथे त्याची लांबी गेली, गाठ गेली, हूक आला.

इकडे मुंबईत ह्याच कमरेवरून माणसालाच नाव पडलं. कचेरीतल्या शिपायाच्या अंगावर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला असे, म्हणून तो पट्टेवाला. बंगालात त्याला चपराशी म्हणत, मद्रासेत प्यून. ‘हॉब्सन-जॉब्सन’ने पट्टेवाला हा खास मुंबईचा शब्द म्हणून नोंदवला आहे. पट्टा केव्हाच गेला, नाव अजून आमच्या पिढीच्या तोंडी आहे.

आपली ‘विजार’सुद्धा ह्याच भागातली. मूळ अरबी ‘इजार’ म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचं न शिवलेलं कापड, लुंगीसारखं. ते शिवून दोन पायांचं झालं आणि मराठीत त्याला व चिकटला. त्याची नाडी ती ‘इजारबंद’, आणि हिंदीत त्या नाडीलाही ‘कमरबंद’ म्हणतात. त्यामुळे उत्तरेकडच्या दुकानात कमरबंद मागितलात तर हातात नाडी पडेल, हे ध्यानात असू द्या.

कमरेला बांधायच्या कापडाला तुमच्या गावात शेला, दुपट्टा, पंचा ह्यांखेरीज वेगळं नाव असेल, हमालांच्या, गवळ्यांच्या, कोळ्यांच्या बोलीत काही खास शब्द असेल, तर जरूर लिहून कळवा. असे शब्द कोशात येण्याआधीच माणसांबरोबर जातात. पुढच्या आठवड्यात आपण मुंबईतल्या डोंगरीला जाऊ. तिथल्या जाड्याभरड्या कापडाची ‘डंगरी’ झाली, तिची गोष्ट.