अक्षता पडल्यानंतरची वीस-तीस वर्षे

मराठी विनोदी चित्रपटांच्या कथा बहुतेक वेळा लग्नमंडपाच्या दारापर्यंत येऊन थांबतात. मुलगी पाहण्याचे प्रसंग, राहत्या जागेची अडचण, वेषांतर, खोटी ओळख आणि मुलीच्या बापाचा विरोध एवढ्या साहित्यावर अडीच तास सहज निभावतात आणि अक्षता पडल्या की प्रेक्षक उठतो. त्यापुढच्या वीस-तीस वर्षांत रक्तदाबाच्या गोळ्या आणि घराच्या कर्जाचे हप्ते चालू असतात, मुलांची लग्ने जवळ येतात, सासू-सासरे थकतात आणि नवरा-बायको एकमेकांची वाक्ये तोंडातून निघण्यापूर्वीच ओळखू लागतात. या काळाकडे मराठी चित्रपटाने विनोदाचा विषय म्हणून अधूनमधूनच पाहिले. ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘बाईपण भारी देवा’ या केदार शिंदे दिग्दर्शित चित्रपटाने तो विषय मध्यभागी आणला आणि ‘सैराट’नंतरचा सर्वाधिक कमाईचा मराठी चित्रपट म्हणून त्या वर्षी त्याची नोंद झाली. या यशाचे कारण चित्रपटाच्या इतिहासात फारसे सापडत नाही. ते बायकांच्या खेळांत, भारुडांत आणि विहिणींच्या गाण्यांत शोधावे लागते, कारण मराठी संसाराची थट्टा तिथे कित्येक पिढ्या आधीपासून चालत आली आहे.

रंगभूमीची आणि पडद्याची पूर्वपीठिका थोडक्यात अशी. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ हे मराठीतील मुरलेल्या संसाराचे पहिले मोठे प्रहसन होय. आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकावरून घेतलेल्या आणि १९१६ साली संगीतरूपाने रंगभूमीवर आलेल्या या नाटकातील फाल्गुनराव आणि कृत्तिका हे जोडपे एकमेकांवर संशय घेण्यात तरुण नायक-नायिकेलाही मागे टाकते. चि. वि. जोशी यांनी चिमणराव आणि त्यांची पत्नी काऊ यांचा मध्यमवर्गीय संसार उभा केला आणि १९४० साली मास्टर विनायक यांच्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले. १९८९ साली सचिन पिळगावकर यांनी ‘आत्मविश्वास’मध्ये घरच्यांनी गृहीत धरलेली प्रौढ गृहिणी नीलकांती पाटेकर यांच्याकरवी दाखवली. मधल्या काळात विनोदाचा कणा मात्र बहुधा नवराच राहिला. बायकोने रागवावे, त्याने घाबरावे, आणि प्रेक्षकाने त्याच्या बाजूने हसावे, असा तो ठरलेला व्यवहार होता.

नवऱ्याभोवती फिरणाऱ्या या परंपरेचे ठळक उदाहरण म्हणजे २००४ सालचा ‘नवरा माझा नवसाचा’. सचिन आणि सुप्रिया पिळगावकर या प्रत्यक्षातील दांपत्याने त्यात पती-पत्नीची भूमिका केली. मुलगा विवस्त्र स्थितीत गणपतीपुळ्याच्या गणपतीला येईल असा आईवडिलांनी केलेला आणि फेडायचा राहून गेलेला नवस, आणि तो फेडण्यासाठी एस.टी.च्या बसमधून केलेला प्रवास, असे त्याचे कथानक आहे. अशोक सराफ यांचा वाहक या चित्रपटात इतका गाजला की नवस बाजूला राहून तिकिटांवरचा विनोदच लोकांच्या लक्षात राहिला. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याचा दुसरा भाग आला तेव्हा तेच जोडपे वीस वर्षांनी थोराड झालेले, लग्नाच्या वयाच्या मुलीचे आईबाप झालेले दिसले.

नवस आणि संसार यांची विनोदी सांगड मात्र या चित्रपटाच्या चार शतके आधी पैठणला घालून झाली होती. संत एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांपैकी ‘रोडगा’ या नावाने ओळखले जाणारे भारूड म्हणजे एका गांजलेल्या सुनेने भवानीआईला केलेला नवस आहे. भारूड म्हणजे रूपकाचा आधार घेऊन, बहुधा एखाद्या पात्राचे सोंग आणून सादर केलेले गीत. आणि रोडगा म्हणजे शेणाच्या गोवऱ्यांच्या आरात भाजलेला कणकेचा जाड गोळा, जो मराठवाड्यात आणि विदर्भात देवाला वाहतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातातही. ही सून सासरा, सासू, जाऊ, नणंद अशी एकेकाची वासलात लावण्याची विनंती देवीला करते आणि अखेर नवऱ्यालाही त्या यादीत घालते. कीर्तनकार या नात्यांचा अर्थ अहंकार, वासना, अज्ञान असा लावतात आणि तो अर्थ नाथांच्या मनात होता यात शंका नाही. परंतु सप्ताहाच्या रात्री मंडपाच्या बायकांच्या बाजूला जो हशा पिकतो तो अज्ञानाच्या नाशाचा आनंद असतो असे मानणे कठीण आहे. नाथांना दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि दोन्हींचा उपयोगही ठाऊक होता, असे मानणे अधिक न्याय्य ठरेल. त्यांच्याच ‘दादला’ भारुडातील बायको तर नवऱ्याच्या दारिद्र्याची आणि मोडक्या घराची जंत्री मांडून तो नकोच म्हणते.

या परंपरेचा आणि ‘बाईपण भारी देवा’चा संबंध केवळ कल्पनेने जोडलेला नाही. केदार शिंदे हे शाहीर साबळे यांचे नातू आहेत. साबळे यांनी नाथांचे विंचवाचे भारूड विसाव्या शतकात घरोघर पोचवले आणि ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमातून लोकनृत्ये नागर रंगमंचावर आणली. त्याच लोकधारेत नातवाचीही घडण झाली. याच दिग्दर्शकाच्या २००४ सालच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये बायकांच्या मनातले बोल एका पुरुषाला ऐकू येऊ लागतात, म्हणजे बायकांचे मन कळण्यासाठी तिथे एक पुरुष मध्यस्थ म्हणून लागला. २०२३ साली हा मध्यस्थ वगळण्यात आला, आणि खरा फरक तेथे पडला.

चित्रपटात काकडे घराण्यातील सहा बहिणी आहेत: रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब-चौधरी. एकीचा नवरा घटस्फोट मागतो आहे, एकीचे गाणे सासरी बंद पडले आहे, एकीला श्रीमंतीचा तोरा मिरवायचा आहे, आणि दोन थोरल्या बहिणींत वर्षानुवर्षांचा अबोला आहे. त्यांना एकत्र आणते ती मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा.

हे खेळ समजून घेतल्याखेरीज चित्रपटाचा विनोद पुरता कळत नाही, म्हणून त्यांकडे थोडे सविस्तर वळणे आवश्यक आहे. लग्नानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेने करायची गौरीची पूजा म्हणजे मंगळागौर. सकाळी सोळा प्रकारची पत्री वाहून पूजा होते, आणि रात्री जागरण होते. पुरुषांना मज्जाव असलेल्या या जागरणातील खेळांची संख्या जाणकार बायका शंभराच्या वर सांगतात. नुसत्या फुगडीचेच बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची फुगडी, जाते फुगडी, लाटणे फुगडी असे प्रकार आहेत. त्याशिवाय झिम्मा, पिंगा, गोफ, आगोटा-पागोटा, साळुंकी आणि उकिडवे बसून उड्या मारण्याचा कोंबडा. व्यायामाच्या दृष्टीने यांचे कौतुक अनेकांनी केले आहे आणि ते योग्यही आहे, तथापि अधिक कुतूहलाची बाब म्हणजे यांपैकी कित्येक खेळ मुळात छोटी प्रहसने आहेत. दोन रांगा समोरासमोर येतात, एक सासूची आणि दुसरी सुनेची. माहेरी धाडण्यासाठी सून कारणे पुढे करते, सासू ती एकेक करून खोडते, आणि दर फेरीला पावलांचा ठेका वाढत जातो. ‘नाच गं घुमा’ या खेळात नाचायला ये म्हटले की साडी नाही, दागिना नाही, अशी तक्रार घुमा एकेका वस्तूसाठी करते. सवतींच्या भांडणाचाही स्वतंत्र खेळ आहे.

सवतीच्या खेळाला एके काळी प्रत्यक्षाचा आधार होता. तत्कालीन मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला १९४६ च्या कायद्याने बंदी आली. मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा तेथे लागू नव्हता आणि तेथील बायकांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत थांबावे लागले. सवत कायद्याने गेली तरी खेळातून गेली नाही, आणि ‘बाईपण भारी देवा’मध्ये नवऱ्याच्या आयुष्यात आलेल्या दुसऱ्या बाईच्या रूपाने ती पुन्हा उभी राहते. फरक एवढाच की आता भांडण दोन बायकांत होत नाही. ते नवऱ्याने सहीसाठी पुढे केलेल्या कागदावर होते.

मूळ खेळ पंधरा-सोळा वर्षांच्या नववधूंच्या अंगाला बेतलेले होते, आणि चित्रपटाने ते चाळिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायकांना खेळायला लावले, हा त्याचा सर्वांत चतुर डाव होय. कुरकुरणारे गुडघे, फुगडीत लागणारी धाप, कोंबड्याच्या उडीआधीचा तो क्षणभराचा हिशोब, यांतून येणारे हसू शब्दांवर अवलंबून नाही. रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारून बाफ्टा पुरस्कार मिळवणाऱ्या हट्टंगडी सत्तरीच्या आसपास पिंगा घालताना पाहणे हा वेगळाच आनंद आहे. मराठी चित्रपटाला बायकांच्या खेळांची ओढ याच सुमारास लागलेली दिसते: हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ नोव्हेंबर २०२१ मध्ये, त्याचा दुसरा भाग नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि परेश मोकाशी यांचा ‘नाच गं घुमा’ १ मे २०२४ रोजी प्रदर्शित झाला.

पंचांगानेही ‘बाईपण भारी देवा’ला मदत केली असे म्हणता येते. २०२३ साली श्रावण अधिक होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा अधिक मास आणि त्यानंतर निज श्रावण. अधिक मास म्हणजे धोंड्याचा महिना, ज्यात जावयाला बोलावून अनारशांचे वाण देतात, पुरणाचे धोंडे वाढतात आणि त्याचे चोचले पुरवतात. घरोघर जावयाचे असे लाड चालू असताना सासवा आणि लेकी नऊवारी नेसून, नथ घालून गटागटाने चित्रपटगृहात जात होत्या आणि पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत फुगड्या घालत होत्या. त्या काळातील वृत्तपत्रांतून ही दृश्ये वारंवार आली.

हा चित्रपट निर्दोष नाही. सहा बहिणींच्या सहा अडचणी खेळाच्या एकाच मंचावर सुटतात हे पटण्याजोगे नाही, आणि त्यातील नवरे फार पातळ उतरले आहेत. फाल्गुनरावाला जेवढा जीव देवलांनी दिला तेवढा यांपैकी एकालाही मिळालेला नाही. त्याहून मोठी मर्यादा भूगोलाची आणि जातीची आहे. मंगळागौर हा सर्व महाराष्ट्राचा सण नव्हे. तो प्रामुख्याने ब्राह्मण आणि तत्सम घरांतील आचार असून शहरांतील महिला मंडळांनी त्याला आता मंचीय कार्यक्रमाचे रूप दिले आहे. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील, हळदीच्या आणि कापसाच्या टापूतील हट्टा या गावी श्रावण म्हटला की सर्वसाधारण शेतकरी घरातील बाईला पंचमीचा झोका आधी आठवेल, भाद्रपदात महालक्ष्म्या (पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या) बसतील, आणि थट्टेची खरी मुभा लग्नात मिळेल. मराठवाड्यातील लग्नांत विहीण पंगतीला बसली की तिच्या नाकाची, चालीची, आणलेल्या रुखवताची टिंगल करणारी गाणी वरपक्षाला ऐकावी लागत, आणि रागावण्याचा अधिकार कोणाला नसे. ही गाणी म्हणणाऱ्या बायका नवऱ्या मुलीच्या आत्या, मावश्या, चुलत्या, म्हणजे मध्यमवयीन संसारी बायकाच असत. जात्यावरच्या ओव्यांतही हीच वयस्क नजर आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, त्यांत सासुरवासाच्या दुःखाबरोबर नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावरची मिस्कील टिप्पणीही आहे.

या सामग्रीला मराठवाड्याच्या बोलीत रंगमंचावर आणण्याचे काम प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये केले, एका लग्नासाठी निघालेल्या गोतावळ्यातील बावन्न पात्रे ते एकटे उभी करीत आणि त्यांतील थोराड बायका-पुरुषांवर प्रेक्षक सर्वाधिक हसत. २००९ साली देशपांडे यांचे निधन झाले. पुढे हा प्रयोग संदीप पाठक या मराठवाड्याच्याच अभिनेत्याने चालू ठेवला. पडद्यावर मात्र या बोलीतील प्रौढ जोडपे बहुधा नायकाचे आईवडील म्हणून, दोन-तीन विनोदी प्रवेशांपुरते येते. विहिणीची गाणी कथेच्या मध्यभागी ठेवणारा, आणि मंगळागौरीऐवजी हळदीच्या रात्री रंगणारा मराठवाडी चित्रपट अजून व्हायचा आहे. त्याला लागणारी पात्रे वसमत-परभणीकडच्या कोणत्याही लग्नात, जेवणाच्या पंगतीपाशीच मिळतील.