दोन गिअरमधलं अंतर
जपानच्या सायतामा प्रांतात, कावागुची शहरात, कोहारा ही कंपनी तयार गिअर विकते. अशा कंपनीच्या यादीतून मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) आणि दातांची संख्या वाचली, की सरळ दातांच्या दोन गिअरच्या शाफ्टांमधलं अंतर तोंडी निघतं: दोन्हींचे दात मिळवा, मॉड्यूलने गुणा, निम्मं करा. मॉड्यूल २, दात २० आणि ४०, तर ६० मिलिमीटर. प्रोफाइल शिफ्ट केलेल्या गिअरचा हिशोब वेगळा. दातांची वक्रता इन्व्होल्यूट असली, की अंतर किंचित वाढूनही वेगाचं गुणोत्तर बदलत नाही. फक्त मोकळीक वाढते. अंतर कमी पडलं तर मात्र दात तापतात, अडकतात. १२ डीपीचा (डायमेट्रल पिचचा) इंची गिअर दिसायला मॉड्यूल २ सारखाच, पण त्याचं मॉड्यूल २.११७ भरतं. तो मॉड्यूल २ च्या गिअरशी जोडू नका.