नदीला जातो तो गाळ आपल्याच रानातला



आषाढात भीमेला पूर आला की पाणी मातकट असते. कार्तिकात तीच नदी बरीच निवळलेली दिसते. असे का होते, हे नीट समजून घेतले तर आपला फायदा आहे.

भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. तिथे पाऊस धो धो पडतो, पण डोंगर झाडीने झाकलेला असल्याने माती फारशी सुटत नाही. खाली दौंड, इंदापूर, करमाळ्याकडे पाऊस थोडा, पण रान नांगरून उघडे. वळवाची एक जोराची सर आली तरी ओढा गढूळ होतो. म्हणजे गाळ नुसत्या पावसावर ठरत नाही. जमीन उघडी की झाकलेली, यावरही ठरतो.

हंगामाचेही तसेच. मृग-आर्द्राच्या पावसात कुळवलेली भुसभुशीत माती वाहते. पिकाने रान झाकले की धूप कमी होते. मात्र सोलापूरकडे रब्बी ज्वारीचे रान पावसाळाभर मोकळे असते आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस जोराचा. तिथे दुसऱ्यांदा नुकसान होते. एकरातून एक मिलिमीटर थर गेला, तर सुमारे ५ टन माती गेली असे समजा.

वाहत्या पाण्याचा वेग मंदावला की वाळू आधी बसते, चिकणमाती सर्वांत शेवटी. म्हणून तलावाच्या मुखाशी वाळू आणि भिंतीकडे बारीक गाळ सापडतो. माझ्या भागातील एका शेतकऱ्याने अंतर जवळ पडते म्हणून मुखाकडचा गाळ भरला. ट्रॉल्यांचे भाडे गेले आणि रानात वाळू आली.

तेव्हा गाळ भरण्याआधी मूठभर काचेच्या बाटलीत टाका, पाणी घालून हलवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. ती जास्त असेल तर तो गाळ आणू नका. बारीक गाळ हलक्या, मुरमाड रानात पसरा. भारी काळ्या रानात घालू नका, निचरा बिघडतो.

आणि मुळात माती जाऊच देऊ नका. पावसाआधी फुटके बांध सांधा, सांडव्याला दगड लावा, बांधावर गवत राखा. नांगरट, कुळवणी, पेरणी उताराला आडवी करा. तलावातून गाळ आणायला पैसे पडतात. बांधावर थांबलेली माती फुकट राहते.