वीतभर पाण्याचे पाहुणे

डिसेंबरातल्या पहाटे कोपरगावातून येवल्याच्या दिशेने निघाले की उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि थोड्याच अंतरावर येसगाव येते. शहराला पिण्याचे पाणी पुरवणारे साठवण तलाव इथे आहेत. कालव्याला आवर्तन सुटले की ते भरतात आणि पुढचे आवर्तन येईपर्यंत गावाची तहान भागवतात. हिवाळी पक्षी पाहण्याच्या दिवसाची सुरुवात इथून करायला हरकत नाही. तलाव पिण्याच्या पाण्याचे असल्याने पाहायचे ते बाहेरूनच.

इथे फारसे पक्षी दिसले नाहीत म्हणून हिरमुसून जाऊ नये. तलावांचे काठ उभे, पाणी खोल. बुडी मारून पोट भरणाऱ्यांनाच ते परवडते. माशांमागे पाण्याखाली पोहणारे पाणकावळे, मुठीएवढी टिबुकली, आणि काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले वारकरी पक्षी. (हे नाव ज्याने ठेवले, त्याची नजर दाद देण्याजोगी आहे.) चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना मात्र अशा तलावात पाय ठेवायलाही जागा नसते.

पाणी किती आहे यापेक्षा ते किती खोल आहे, हे पाणपक्ष्यांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे असते. टिलव्यासारख्या चिमुकल्या पक्ष्याचे पाय इतके आखूड की दोन-तीन सेंटिमीटर पाणी झाले तरी त्याची शिकार थांबते. लांब, तांबड्या पायांचा शेकाट्या त्याहून आत जातो. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही मंडळी शेपटी वर करून डोके पाण्यात घालतात. त्यांची मान तळाला पोचली पाहिजे, म्हणजे वीतभर, फार तर हातभर पाणी. थापट्याच्या फावड्यासारख्या चोचीच्या कडांना सुमारे ११० बारीक दाते असतात. तोंडात घेतलेले पाणी त्यांतून बाहेर निघते आणि आतले सूक्ष्म जीव व बिया अडकून राहतात. चाळणी उत्तम आहे, पण ती चालवायला पाणी उथळ हवे.

असे उथळ पाणी कुठे मिळते? तासा-सव्वा तासाच्या वाटेवर, निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला. येवला, विंचूर, निफाड असे करत चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यापाशी पोचायचे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, १९०७ ते १९११ च्या दरम्यान, हा बंधारा बांधला गेला. कोपरगावच्या शिवारात पाटपाणी आणणारे गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात. म्हणजे सकाळी येसगावला पाहिलेले पाणी मुळात इकडूनच गेलेले.

बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते, ऊस आणि ज्वारी होती. पण दर पावसाळ्यात दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या. जलाशय उथळ झाला, मध्ये बेटे वर आली, त्यांवर पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात साठवण क्षमता घटली ही तोट्याची बाब. पक्ष्यांच्या हिशेबात नेमके तेच कमाईचे ठरले. पर्जन्यछायेच्या या कोरड्या मुलखात एवढी मोठी दलदल आपोआप कधीच झाली नसती. १९८६ मध्ये इथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले.

मनोऱ्यावरून पाहताना गर्दीने भांबावून जायला होते. बदकांच्या झुंडी, गवतात जांभळ्या पाणकोंबड्या, काठाच्या झाडांवर रंगीत करकोचे. एवढ्यात सगळी बदके एकदम उठली, तर वर पाहावे. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी बेटांवरून संथ घिरट्या घालत असतो. ८ बाय ४२ ची साधी दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी आणि भडक कपडे घरी ठेवावेत.

गर्दीतला मानाचा पाहुणा म्हणजे पट्टकदंब. करड्या अंगाचा, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा हंस मंगोलिया, तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून येतो. तो एव्हरेस्टवरून उडतो, असे सर्रास सांगितले जाते. पाठीवर यंत्र बांधून केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र दिसले. सर्वाधिक नोंद ७,२९० मीटरची, आणि बहुतेक प्रवास सहा हजार मीटरच्या खालचा. तो डोंगराच्या चढउताराला धरून वर जातो, खाली येतो. थंड, दाट हवा मिळावी म्हणून बऱ्याचदा रात्रीच उडतो. तेवढ्या उंचीवरही ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी. तो नेटाने धरून ठेवायला त्याच्या हिमोग्लोबिनमधला एक छोटा बदल मदत करतो. त्या रेणूच्या साखळीतल्या एकाच कडीची अदलाबदल झालेली आहे.

इतके दिव्य करून आलेला हा पक्षी संध्याकाळी हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या कोवळ्या रानात उतरतो, आणि तिथे त्याचे कौतुक कोणाला नसते. डबे वाजवून त्याला हाकलणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पीक त्याचे जाते.

खरी अडचण पाण्याच्या वेळापत्रकाची. कालव्याला पाणी सोडायचे म्हणून वरच्या दारणा, गंगापूर धरणांतून विसर्ग आला की बंधाऱ्यातली पातळी वाढते. काल टिलवे पळत होते तो चिखल आज पाण्याखाली. चार-सहा दिवसांत पातळी उतरली की उघडा पडलेला ओला गाळ किड्या-अळ्यांनी भरलेला असतो आणि पंगत पुन्हा बसते. अशी थोडी वरखाली पक्ष्यांच्या फायद्याचीच. पण पाणी बराच काळ चढलेले राहिले किंवा पार आटले, तर बदकांना दुसरीकडे जावे लागते. पाऊस कमी झाला की नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात पाण्यावरून वाद पेटतो. जायकवाडीला किती सोडायचे, कोपरगावला किती आवर्तने, शहरांना किती. हे प्रश्न खरे आहेत आणि माणसाची तहान आधीच. तरीही जलाशयाच्या पातळीचा निर्णय होताना तिथल्या चिखलाचाही विचार व्हायला हवा, एवढी अपेक्षा रास्त वाटते. थोडे पाणी योग्य वेळी थांबवले तरी पुष्कळ चोची भरतात.

आरोग्याची एक गोष्ट. काठावर मेलेला किंवा गुंगलेला पक्षी दिसला तर हात लावू नये, कुत्र्यालाही जवळ जाऊ देऊ नये, पशुसंवर्धन विभागाला कळवावे. कोंबड्यांतला बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता. दुर्बिणीतून पाहणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. धोका असतो तो आजारी पक्षी हाताळण्यात. पक्ष्यांना आपल्याकडून असलेला धोका जास्त ठळक आहे. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस आभाळ पतंगांनी भरते आणि बंदी असलेला नायलॉन मांजा तरीही कुठून तरी येतोच. थव्याने परतणाऱ्या बगळ्यांना तो तारेसारखा कापतो.

त्याच जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून ती दरवर्षी होते आणि हौशी माणसेही तिच्यात भाग घेऊ शकतात. थवा मोजताना आधी दहा पक्ष्यांचा गट नजरेत बसवायचा, मग तसे किती गट मावतात ते पाहायचे. नोंदवहीत तारीख, वेळ, पक्षी आणि संख्या एवढेच बहुतेक जण लिहितात. त्यासमोर आणखी एक रकाना आखावा: पाण्याची पातळी, आणि आवर्तन चालू होते की बंद. एका वर्षी हजार बदके आणि पुढच्या वर्षी दोनशे, असे आकडे त्या रकान्याशिवाय भलतेच काही सांगू लागतात. बदके खरोखर घटली, की मोजणीच्या दिवशी पाणी हातभर जास्त होते, हे मग कोणालाच ठरवता येत नाही.