ओनेगाकाठचं पेत्रोझावोद्स्क

स्वीडनशी युद्ध पेटलेलं असताना १७०३ साली पीटर द ग्रेटने ओनेगा सरोवराच्या काठी, लोसोसिन्का नदीच्या मुखाशी तोफांचा कारखाना उभारला. त्याभोवती वाढलेली कामगारवस्ती म्हणजे आजचं पेत्रोझावोद्स्क, रशियातल्या कारेलियाची राजधानी. १७७७मध्ये तिला शहराचा दर्जा मिळाला. पुढे कवी देर्झाविन इथला पहिला गव्हर्नर झाला. १९४१ ते १९४४ फिनलंडच्या फौजांचा ताबा होता; युद्धात उद्ध्वस्त झालेलं शहर पुन्हा बांधावं लागलं.

एवढा इतिहास असूनही बहुतेक पर्यटक इथे येतात ते किझी बेटाची बोट पकडायला. त्यात त्यांची चूक नाही. जलद बोटीने सव्वा तासाच्या अंतरावर १७१४ सालचं, बावीस घुमटांचं रूपांतर चर्च उभं आहे: ३७ मीटर उंच, पाइनच्या ओंडक्यांचं. ‘एकही खिळा नाही’ ही त्याची ख्याती अर्धीच खरी. ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवले आहेत, पण घुमटांवरच्या अ‍ॅस्पेनच्या फळ्या खिळ्यांनीच ठोकल्या आहेत. उन्हापावसाने त्या फळ्या रुपेरी होतात.

मला मात्र या वास्तूइतकीच तिची डागडुजी थोर वाटते. एकोणिसाव्या शतकात भिंतींवर फळ्या आणि घुमटांवर पत्रे चढवले होते. १९५०च्या दशकात ते उतरवले गेले. पुढे ओंडके कुजू लागले, सांगाडा कलला. १९८०च्या सुमारास चर्चचं दार बंद झालं आणि आतून लोखंडी सांगाड्याचा आधार दिला गेला. इतक्या वर्षांच्या विचारविनिमयानंतर जे ठरलं ते विलक्षण होतं: चर्च पाडायचं नाही. वरचा भाग जॅकवर तोलून धरायचा आणि खालून एकेक थर काढायचा. सुतारांनी प्रत्येक ओंडका तपासला. कुजलेला तेवढाच भाग कापून तिथे नवं लाकूड सांधलं, मग थर परत जागेवर बसवला. जुनं लाकूड जपायचा हा हट्टच खरा वारसा आहे. २०२०मध्ये काम संपलं आणि चाळीस वर्षं बंद असलेलं दार उघडलं.

शहरालाही वेळ द्यायला हवा. १९९४च्या सरोवरकाठच्या फरसबंद रस्त्यावर अमेरिकेतल्या डुलुथ शहराने दिलेलं जाळं फेकणाऱ्या कोळ्यांचं धातूचं शिल्प आहे. हिवाळ्यात सरोवर गोठतं आणि किझीच्या नेहमीच्या बोटी थांबतात, म्हणून जायचं ते उन्हाळ्यात. रात्री फारसा अंधार होत नाही, तेव्हा गाडीची घाई न करता एक मुक्काम नक्की करावा.