सायटेशनच्या आधी शोधनिबंध वाचावा

पेशीविज्ञानातल्या संशोधकाचं काम किती मोलाचं आहे, हे आज बहुतेक ठिकाणी 3 आकड्यांवरून ठरतं: शोधनिबंध किती, त्यांना सायटेशन, म्हणजे इतर निबंधांत झालेले उल्लेख, किती, आणि एच-इंडेक्स (ज्यांना किमान तितकेच सायटेशन आहेत अशा निबंधांची संख्या) किती. ही पद्धत कुठे तोकडी पडते हे पाहायचं तर योशिनोरी ओसुमी यांच्या कामाकडे जरा जवळून पाहावं लागतं. 1988 साली टोकियो विद्यापीठात त्यांनी स्वतःची छोटी प्रयोगशाळा सुरू केली तेव्हा ते 43 वर्षांचे होते, आणि गाजलेला म्हणावा असा एकही शोध त्यांच्या नावावर नव्हता. त्यांनी विषय निवडला तो यीस्टच्या पेशीतल्या रिक्तिकेचा. रिक्तिका म्हणजे पेशीची कचराकुंडी, अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. पेशी उपाशी राहिली की स्वतःचाच काही भाग पचवून तग धरते, या प्रक्रियेला क्रिस्तियां द ड्यूव्ह यांनी 1963 मध्येच ‘ऑटोफॅजी’ हे नाव दिलं होतं. पण ती कोणत्या जनुकांमुळे घडते हे कोणालाच ठाऊक नव्हतं आणि त्यामागे लागलेल्या प्रयोगशाळाही फार थोड्या होत्या.

ओसुमींची युक्ती साधी होती. रिक्तिकेत आलेला माल तिथली पाचक विकरं लगेच पचवून टाकतात, म्हणून काहीच दिसत नाही. तेव्हा ज्यात ही विकरं कामच करत नाहीत असं यीस्ट घ्यायचं, त्याचा नायट्रोजन तोडून त्याला उपाशी ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहायचं. काही तासांत रिक्तिका बारीक गोल कणांनी भरून गेली. ते कण आत सतत थरथरत, इकडून तिकडे हलत होते. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकातून, डोळ्यांनी दिसेल असं ते दृश्य होतं. हे निरीक्षण 1992 मध्ये ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’त आलं. पुढची पायरी कष्टाची होती. रसायनाने यीस्टच्या जनुकांत बिघाड करायचे, हजारो वसाहती वाढवायच्या आणि उपासमारीत ज्यांच्यात हे कण जमत नाहीत त्या वेचून काढायच्या. त्यांची विद्यार्थिनी मिकी त्सुकादा हिने हे केलं आणि ऑटोफॅजीला लागणाऱ्या 15 जनुकांचा माग लागला. 1993 चा हा निबंध छापून आला ‘एफईबीएस लेटर्स’मध्ये. हे जर्नल चांगलं खरं, पण तिथे निबंध आला म्हणून बढती मिळावी असा त्याचा दबदबा नव्हता. 2016 साली ओसुमींना मिळालेल्या नोबेलचा पाया मात्र याच कामात आहे.

यावर कोणी म्हणेल की शेवटी सायटेशन आलेच ना? आले, आणि हजारोंनी आले. पण कधी आले, हे पाहायला हवं. यीस्टमधली जनुकं माणसातही सापडली, 1999 मध्ये बेथ लेविन यांच्या गटाने या प्रक्रियेचा संबंध कर्करोगाशी जोडला, 2000 मध्ये ओसुमींच्याच सहकाऱ्यांनी एलसी3 या प्रथिनाच्या रूपाने सस्तन प्राण्यांच्या पेशीत ऑटोफॅजी ओळखायची खूण दिली, आणि मग जगभरचे लोक या विषयाकडे वळले. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणारे सरासरी सायटेशन, मोजतात तो मागच्या 2 वर्षांतल्या निबंधांवरून. नोकरीचा, बढतीचा, अनुदानाचा निर्णयही साधारण तेवढ्याच घाईत घेतला जातो. म्हणजे ज्या वेळी आकड्याची गरज असते नेमक्या त्याच वेळी तो गप्प असतो, आणि बोलू लागतो तेव्हा त्याला विचारायचं काही उरलेलं नसतं.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. विज्ञानात सर्वाधिक उल्लेखलेला निबंध म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो ऑलिव्हर लाउरी यांचा 1951 चा निबंध प्रथिनाचं प्रमाण मोजायची रीत सांगतो. त्याला 3 लाखांहून अधिक सायटेशन आहेत. रीत उपयोगी आहे यात शंका नाही, पण तो विसाव्या शतकातला सर्वांत मोठा शोध होता असं कोणीही म्हणणार नाही. ऑटोफॅजीतही हेच दिसतं. ही प्रक्रिया प्रयोगशाळेत कशी तपासावी याची मार्गदर्शक सूत्रं ठरावीक वर्षांनी प्रसिद्ध होतात. 2016 च्या आवृत्तीला 2000 हून अधिक लेखक होते आणि तिचा उल्लेख प्रचंड प्रमाणात होतो. त्या प्रत्येक लेखकाच्या एच-इंडेक्समध्ये हा निबंध पूर्ण 1 म्हणून जमा होतो. 1993 च्या निबंधाच्या 2 लेखकांनाही तेवढंच मिळतं. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवलेल्या या निर्देशांकाला वसाहती वेचणारा हात आणि यादीतलं नाव यांतला फरक कळत नाही. सायटेशन वर्दळ मोजतं. हमरस्त्यावर गाड्या मोजून तो रस्ता कोणी शोधला हे सांगता येत नाही, तसंच हे आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप आपल्याकडचा आहे. आकडे काढले तर वशिला येईल. निदान आकडा कोणाचा भाचा-पुतण्या ओळखत नाही. ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकणं बरोबर नाही. पण आकड्यांनी वशिला थांबवला का, हेही पाहू. 2010 च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण लावले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं चांगलंच फावलं. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत आलेली 1009 जर्नलं त्यांनी पाहिली, त्यांतली 88 टक्के निकृष्ट ठरली. काहींनी तर इम्पॅक्ट फॅक्टरचे खोटे दावेच केले होते. वशिला गेला नाही, त्याला पावती मिळाली एवढंच.

थोडे सायटेशन असलेला प्रत्येक जण उपेक्षित ओसुमी असतो, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक दुर्लक्षित निबंध दुर्लक्ष करण्याजोगेच असतात. पण कोणता तसा आणि कोणता नाही, हे आकडा सांगत नाही. 1992 चा निबंध उघडून त्यातली रिक्तिकेची छायाचित्रं पाहिली तर जाणकाराला काही मिनिटांत कळतं की इथे काहीतरी नवं दिसलं आहे. डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या अधिवेशनात ‘डोरा’ या जाहीरनाम्याची सुरुवात झाली. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीचं काम जोखू नका, ही त्याची मुख्य मागणी. ती पेशीवैज्ञानिकांच्याच व्यासपीठावरून यावी याचं मला नवल वाटत नाही. या शास्त्रात पाहण्याला पर्याय नाही. आपल्याकडे डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सनेही त्यावर सही केली आहे. आपल्या विद्यापीठांनी आणि संशोधन संस्थांनी निदान एवढं करावं: उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे 3 निबंध मागवावेत, त्यातलं स्वतःचं काम कोणतं हे त्याच्याकडून लिहून घ्यावं, आणि समितीतल्या निदान दोघांनी ते मुलाखतीआधी वाचून आपलं मत सहीनिशी नोंदवावं. सही असली की वशिल्यालाही उत्तर द्यावं लागतं.